बहिणींच्या कादंबऱ्या फक्त मुलींच्या कपाटात नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीत वाचण्याजोग्या पुस्तकांची जी यादी प्रसिद्ध झाली, तिच्यात अमेरिकन लेखिका लुइसा मे अल्कॉट यांची 'लिटल विमेन' आणि इंग्रज लेखिका जेन ऑस्टेन यांच्या दोन कादंबऱ्या 'खास मुलींसाठी' या मथळ्याखाली, भरतकाम आणि पाककृतींच्या पुस्तकांशेजारी दिल्या होत्या. ही पुस्तके यादीत आली याचा आनंद आहे, परंतु त्यांना दिलेल्या जागेबद्दल माझी तक्रार आहे आणि ती थोडी विस्ताराने मांडण्याची परवानगी असावी. एका घरात वाढणाऱ्या बहिणींच्या या कथा मुलींचे मन रमवण्यासाठी लिहिलेल्या गोड गोष्टी आहेत, असा समज आपल्याकडे रूढ आहे. घरात जे काही थोडेफार असते ते मुलींच्या वाट्याला किती, केव्हा आणि कोणाच्या मर्जीने येते, याचा इतका स्वच्छ हिशेब मात्र मी दुसऱ्या कोणत्याही कथावाङ्मयात वाचलेला नाही. हा हिशेब मुलींना बऱ्याच अंशी आधीच ठाऊक असतो. तो वाचण्याची गरज त्यांच्या वडिलांना आणि भावांना अधिक आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर गावच्या सार्वजनिक वाचनालयात शनिवारी दुपारी आठवी ते बारावीच्या मुलींना जमवून आम्ही मोठ्याने वाचन करतो. कापसाचा वेचा सुरू झाला की निम्म्या मुली शेतात असतात आणि वर्ग अर्धा होतो. ज्या घरात दोन-तीन बहिणी आहेत तिथे कोणी शाळेत जायचे आणि कोणी वेचायला, हे आदल्या रात्री चुलीपाशी ठरते. अशा मुलींसमोर या कादंबऱ्या वाचताना जे दिसले, त्यावरून पुढील मत बनले आहे.

'मुलींचे पुस्तक' हा शिक्का अल्कॉटबाईंनी स्वतः मारलेला नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. बोस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेचे थॉमस नाइल्स यांनी १८६७ मध्ये त्यांच्याकडे मुलींसाठी एक पुस्तक मागितले. आपल्याला असले लेखन रुचत नाही आणि स्वतःच्या बहिणींखेरीज आपण फारशा मुली जवळून पाहिलेल्या नाहीत, असे त्यांनी त्या काळात आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवले आहे. तरीही त्यांनी लिहिले, कारण घरात पैशांची गरज होती. वडील ब्रॉन्सन अल्कॉट मोठे विचारवंत होते, पण संसाराला पुरेल एवढी कमाई त्यांना कधी जमली नाही. १८४३ मध्ये त्यांनी उभारलेली फ्रूटलँड्स ही आदर्श वसाहत काही महिन्यांतच मोडली. आई आणि मोठ्या मुली शिवणकाम, शिकवण्या, प्रसंगी दुसऱ्यांच्या घरची कामे करून घर चालवत. १८६८ मध्ये पहिला भाग आणि १८६९ मध्ये दुसरा भाग प्रसिद्ध झाला, आणि त्या कमाईतून लुइसाबाईंनी घरावरचे जुने कर्ज फेडले. धाकटी बहीण मे चित्रकला शिकायला युरोपात गेली, तिच्या पाठीशी मोठ्या बहिणीच्या लेखनाचा पैसा होता, आणि १८७७ मध्ये पॅरिसच्या सलोन प्रदर्शनात मेचे चित्र लागले. थोरली बहीण अ‍ॅना हिचे पती १८७० मध्ये वारले, तेव्हा तिच्या मुलांची सोय व्हावी म्हणून लुइसाबाईंनी पुढची कादंबरी लिहिली. एका कर्जबाजारी घराला कर्त्या मुलीने सावरले, असा या पुस्तकाचा जन्म आहे. त्यातली हकीकत आमच्या भागातील कोणत्याही माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

कादंबरीच्या आतही हेच आहे. मेग, ज्यो, बेथ आणि एमी या चार बहिणींच्या मार्च कुटुंबाची संपत्ती गेली ती वडिलांनी एका अडचणीतल्या मित्राला मदत केल्यामुळे. मग थोरल्या दोघी मुलींनीच काम करण्याची परवानगी मागितली. मेग दुसऱ्यांच्या घरी मुले शिकवायला जाते आणि ज्यो श्रीमंत, तिरसट आत्याच्या तैनातीत राहते. वडील युद्धावर गेलेले असताना ते आजारी असल्याची तार येते, आईला वॉशिंग्टनला जायचे असते आणि हाती पैसा अपुरा असतो. तेव्हा ज्यो आपले केस कापून विकते आणि पंचवीस डॉलर आईच्या हातावर ठेवते. आमच्या वाचनात या प्रसंगाला मुली रडतील असे मला वाटले होते, पण त्यांनी विचारले की पंचवीस डॉलर म्हणजे तेव्हाच्या किती दिवसांची मजुरी. मला तो प्रश्न फार योग्य वाटला. त्या मुली स्वतः किलोच्या भावाने कापूस वेचतात आणि संध्याकाळी काट्यावर आपले गाठोडे किती भरते हे डोळ्यांत तेल घालून पाहतात. त्यागाचा पाळणा म्हणण्याऐवजी त्यांनी त्यागाची किंमत विचारली, आणि लेखिकेनेही आकडा दिला आहे तो त्याचसाठी असणार.

लग्नानंतरच्या मेगचा एक प्रसंग संक्षिप्त आवृत्त्यांमधून नेहमी गाळला जातो. मैत्रिणीच्या बरोबरीने राहण्याच्या मोहात ती पन्नास डॉलरांचे रेशमी कापड घेते आणि नवरा जॉन याच्यापुढे बोलून जाते की आता या गरिबीचा कंटाळा आला. जॉन रागावत नाही. आपल्याकडून होईल तेवढे आपण करतो आहोत, एवढेच तो म्हणतो, आणि हिवाळ्यासाठी सांगितलेला स्वतःचा कोट गुपचूप रद्द करतो. मेगला ते कळल्यावर ती मानापमान गिळून त्या मैत्रिणीकडे जाते, कापड तिलाच विकते आणि त्या पैशांत नवऱ्याचा कोट आणते. वयात येणे म्हणजे काय हे मला या दोन पानांत जितके नीट कळते तितके कुठल्याही उपदेशपर पुस्तकात कळत नाही. मेगचे लग्न आधीच झालेले असते, पण मोठी ती या दिवशी होते, आणि जॉनही होतो. कापसाचे चुकारे हाती आल्यावर ज्या घरात पहिला खर्च कोणावर करायचा यावरून आठवडाभर अबोला असतो, त्या घरातील नवरा-बायकोने हे प्रकरण एकत्र वाचावे, असे मी मनापासून म्हणते.

ऑस्टेन यांच्याकडे वळताना प्रथम १८११ मधील 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चे दुसरे प्रकरण सांगते, कारण माझा सगळा मुद्दा त्या एका प्रकरणात आहे. डॅशवूड घराण्यातील तीन बहिणी, एलिनॉर एकोणीस वर्षांची, मॅरियन सोळाची आणि मार्गारेट तेराची, वडिलांच्या मृत्यूनंतर सावत्र भावाच्या दारात येतात. जमीनजुमला त्याच्या आणि त्याच्या लहान मुलाच्या नावाने बांधलेला असतो. मरताना वडिलांनी मुलाकडून वचन घेतलेले असते की आई आणि बहिणींना अंतर देऊ नकोस. हा भाऊ, जॉन डॅशवूड, मनाने दुष्ट नाही. वडिलांच्या मृत्यूने हेलावलेला असताना तो ठरवतो की प्रत्येक बहिणीला एक हजार पौंड द्यायचे, म्हणजे एकूण तीन हजार. मग बायकोशी बोलणे होते. आपल्या मुलाच्या तोंडचा घास का काढायचा, असे ती विचारते, तेव्हा रक्कम निम्मी होते. पुढे एकरकमी देण्यापेक्षा आईला वर्षाला शंभर पौंड द्यावेत असे निघते, पण अशी नेमणूक मिळालेली माणसे फार जगतात, ही भीती पुढे येते. म्हणून अधूनमधून पन्नास पौंड. शेवटी ठरते ते इतकेच की त्यांना लहानसे घर शोधून द्यावे, सामान हलवायला मदत करावी आणि हंगामात मासे किंवा शिकार भेट म्हणून पाठवावी. वडिलांच्या मनात याहून अधिक नसावेच, अशी स्वतःची खात्री पटवून तो भाऊ समाधानाने उठतो.

हे प्रकरण मी इंग्रजीतून वाचत आणि मराठीत सांगत गेले. संपल्यावर अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, हे तं आमच्या आत्याचंच झालं." तिने पुढे काही सांगितले नाही आणि मी विचारले नाही, कारण विचारण्यासारखे काही नव्हते. वडील गेल्यावर फेरफार व्हायचा असतो, बहिणींना निरोप जातो, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सह्या होतात आणि साडी-चोळी करून त्यांना एसटीत बसवून दिले जाते. आपल्या राज्याने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली, २००५ मध्ये केंद्राने केली, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की मुलीचा हक्क जन्मतः आहे, २००५ पूर्वी वडील वारले असले तरी. कायद्यात आता शंकेला जागा उरलेली नाही, तरी सह्या होतातच. त्या घरातील भाऊसुद्धा बहुतेक जॉन डॅशवूडसारखेच असतात, वाईट नसतात. बहिणीवर त्यांची माया असते. भाऊबीजेला ते न चुकता ओवाळून घेतात. हजाराचे पाचशे आणि पाचशेचे शून्य कसे होत जाते, ते त्यांना स्वतःच्या बोलण्यात ऐकू येत नाही एवढेच. ते ऐकवण्याचे काम दोनशे वर्षांपूर्वी एका बाईने करून ठेवले आहे, आणि आपण तिचे पुस्तक त्यांच्या हाती न देता त्यांच्या बहिणीच्या हाती देतो.

१८१३ मधील 'प्राइड अँड प्रेज्युडिस'बद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याची कथा बहुतेकांना चित्रपटांमुळे माहीत असते. बेनेट दांपत्याला पाच मुली आहेत आणि इस्टेट पुरुष वारसालाच जाईल अशी बांधलेली असल्याने ती एका दूरच्या नातलगाला मिळणार आहे. मुलींच्या लग्नासाठी धडपडणाऱ्या आईला आपण सगळेच हसतो. पण ऑस्टेन यांनी पुढे एका जागी जे लिहिले आहे ते हसण्याच्या भरात निसटते. वडिलांनी लग्नानंतर कधी काही शिल्लक टाकलीच नाही, कारण मुलगा होणार हे त्यांनी गृहीत धरले होते. मुलगा झाला की तो वयात येताच बंधन तोडता येईल आणि आईसह सगळ्यांची सोय लागेल, असा हिशेब होता. एकामागून एक पाच मुली झाल्या, आणि काटकसर सुरू करावी असे वाटेपर्यंत वेळ निघून गेली होती. मुलाच्या भरवशावर मुलींची तजवीज न करणारा बाप आमच्याकडे घरोघर आहे आणि त्यालाही बेनेट यांच्यासारखेच पुस्तक किंवा पेपर घेऊन बाजूला बसण्याची सवय असते. मग आईच्या घायकुतीला नावे ठेवली जातात.

आता बेथविषयी, आणि इथे माझे मत अनेक वाचकांना आवडणार नाही. 'लिटल विमेन'मधील ही तिसरी बहीण बुजरी आहे, शाळा तिला सोसत नाही, म्हणून ती घरीच राहते, घर आवरते, पियानो वाजवते. शेजारच्या गरीब हमेल कुटुंबाच्या आजारी बाळाला पाहायला इतर बहिणी टाळाटाळ करतात, तेव्हा बेथच जाते, बाळ तिच्या मांडीवर दगावते आणि तिला स्कार्लेट फिव्हर होतो. त्यातून ती वाचते, पण पूर्वीची ताकद परत येत नाही आणि काही वर्षांनी ती जाते. लुइसाबाईंची खरी बहीण एलिझाबेथ अशीच १८५८ मध्ये बाविसाव्या वर्षी गेली होती. पिढ्यानपिढ्या वाचकांनी बेथला देवघरात बसवले आहे, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. शिक्षिका म्हणून मी ज्या मुलींची नावे हजेरीपटावरून कमी होताना पाहिली, त्यांच्यापैकी बहुतेकींबद्दल घरचे लोक अभिमानाने हेच सांगत की ही गरीब स्वभावाची आहे, हिला घरकामाचीच आवड, हिचा कोणाला त्रास नाही. आवडीचा प्रश्न तिला कोणी विचारलेला नसे. मुलींना आता बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण ज्या घरात तीन बहिणी असतात तिथे म्हाताऱ्या आजीपाशी आणि धाकट्या भावापाशी थांबायला जी मागे राहते, ती बोलकी मुलगी कधीच नसते. अल्कॉटबाईंनी बेथवर माया केली, पण तिला काय हवे होते हे त्या कथेतील कोणी वेळेवर विचारले नाही, ही गोष्टही त्यांनी लपवलेली नाही. ते ज्याला वाचता येत नाही, त्याला बेथ आदर्श वाटते.

रागाचेही तसेच. धाकटी एमी सूडाने ज्योची हस्तलिखित वही जाळते, ज्यो तिच्याशी बोलणे टाकते आणि दुसऱ्या दिवशी एमी बर्फातून खाली पाण्यात पडून मरता मरता वाचते. रात्री ज्यो आईपाशी आपल्या रागाची कबुली देते. तेव्हा ती शांत, सोशिक वाटणारी आई सांगते की मलाही आयुष्यात जवळजवळ रोज राग येतो, मी तो दाखवायचा नाही हे शिकले आहे. आमच्या वाचनालयातील मुलांसाठीच्या छोट्या आवृत्तीत वही जळते, बर्फ फुटतो, बहिणी गळ्यात पडतात आणि आईचे हे वाक्यच नाही. ते वाक्य काढले की उरते ती एक बोधकथा. ठेवले तर सोळा वर्षांच्या मुलीला प्रथमच कळते की आपली आईही रागावलेली असू शकते, आणि ती रोज सकाळी पऱ्हाटीच्या धुरात जी बसते ते सगळे मर्जीने नसेल.

पुरवणीतील टिपणात या कथांचा शेवट लग्नात होतो असे म्हटले होते, ते पूर्ण खरे नाही. 'लिटल विमेन'चा पहिला भाग आल्यावर वाचक मुलींनी पत्रे पाठवून कोणाचे लग्न कोणाशी होणार हेच विचारले, आणि जणू बाईच्या आयुष्याचा तोच एक हेतू आहे, म्हणून अल्कॉटबाई रोजनिशीत वैतागल्या. कोणाला खूश करण्यासाठी ज्योचे लग्न लॉरीशी लावणार नाही, असे त्यांनी तिथे ठणकावले आणि ते पाळले. ज्यो नकार देते तो तिच्या सर्वांत जवळच्या मित्राला, जो श्रीमंत आहे, चांगला आहे आणि तिच्यावर प्रेम करतो. स्थळात खोट नसताना मुलगी नाही म्हणू शकते, हे आमच्या मुलींना त्या कथेतील सगळ्यांत धाडसाचे वाटले, आणि मलाही वाटते.

हे सगळे परदेशातले, आपले काय, असा प्रश्न येईल म्हणून लिहिते. विभावरी शिरूरकर या नावाने मालतीबाई बेडेकरांनी १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध केले, त्यातील 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' ही कथा मुलीच्या कमाईवर चालणाऱ्या घराबद्दल जे बोलते, ते बोलण्याबद्दल लेखिकेला केवढा रोष सहन करावा लागला हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. भुलाबाईच्या दिवसांत भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या पोरी दारोदार जी गाणी म्हणतात त्यांत माहेर, सासर आणि परत न्यायला न येणारा भाऊ असतोच. महालक्ष्म्यांना आपण ज्येष्ठा आणि कनिष्ठा म्हणून बहिणी-बहिणीच बसवतो, दोघींना सारखे नेसवतो, सारखे जेवू घालतो. विषय आपल्या घरचा आहे. 'लिटल विमेन' मराठीत 'चौघीजणी' म्हणून आणणाऱ्या शान्ता शेळके काही काळ नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात मराठी शिकवत होत्या, त्या अर्थाने हे पुस्तकही विदर्भाला परके नाही.

माझ्या मागण्या लहान आहेत. ग्रामीण वाचनालयांनी या कादंबऱ्यांच्या संपूर्ण आवृत्त्या घ्याव्यात आणि त्या बालविभागात न ठेवता कादंबऱ्यांच्या कपाटात ठेवाव्यात. प्रकाशकांनी संक्षिप्त आवृत्ती काढताना निदान आईचा राग आणि मेगचे रेशीम गाळू नये. आणि आपल्याला एक विनंती आहे. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चे ते दुसरे प्रकरण वर्तमानपत्राच्या एका पानात बसेल एवढे आहे. त्याचा चांगला मराठी अनुवाद करवून तो आपण दिवाळीत भाऊबीजेच्या दिवशी छापावा. महिलांच्या पुरवणीत तो नको, कापूस आणि तुरीचे भाव ज्या पानावर येतात त्या पानावर छापावा, कारण आमच्या गावात चहाच्या टपरीवर पुरुष तेच पान आधी उघडतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ